सहाशे अडतीस मीटर

भिवंडीजवळच्या शेलारमध्ये मोडेमवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की लोक आधी शिव्या देतात, मग फोन करतात. फोन उचलायला बाई आहे हे कळलं की काही जण राहिलेल्या शिव्याही देऊन टाकतात. धम्मदिनाला आता त्याचं काही वाटत नाही. केबलच्या कामातल्या सात वर्षांत तिने शिव्या खाल्ल्या, शिडीवर असताना खालून आलेला दगड खाल्ला, आणि एका गिऱ्हाइकाने तर बंद पडलेला मोडेमच तिच्या अंगावर फेकला. त्याच्या कोपऱ्याची खूण अजून तिच्या कपाळावर आहे. दुसऱ्या दिवशी तिने त्याच माणसाकडे नवा मोडेम लावून दिला, कारण ड्युटी ती ड्युटी. त्याच्या घरचा चहा मात्र घेतला नाही.

मार काय असतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिचा बाप दामू यंत्रमागावर कामाला होता. लूमचा धोटा अडवणारी जाळी आठवडाभर तुटलेली होती, आणि एके दिवशी धोटा उडाला तो सरळ दामूच्या उजव्या डोळ्यात घुसला. मालक म्हणाला, जाळी चांगली होती, हाच वाकून बघत होता. तेव्हा खात्यात सहा कामगार उभे होते. सहाही जण जमिनीकडे बघत राहिले. डोळा गेला त्याला वीस वर्षं झाली, पण दामू धोट्याला कधी दोष देत नाही. त्या सहा जणांची नावं तो आजही एका दमात सांगतो, आणि त्यातला एक वारला तेव्हा तो मातीला गेला नाही.

धम्मदिनाने आयटीआय केलं आणि केसरीनाथ शेठच्या केबलच्या दुकानात लागली. शेठ गावचा आगरी, जमिनीचा मालक. शेलारपासून मानकोली नाक्यापर्यंतची घरं, दुकानं आणि गोदामं, सगळीकडे इंटरनेट त्याचं. दुकानात तिला काम शिकवलं हिरामणने. हिरामण गणेशपुरीकडचा, भातशेती भावाच्या हवाली करून आलेला, तोंडाने गरीब आणि हाताने हुशार. पहिल्या दिवशी त्याने तिच्या तळहातावर काचेचा केसाएवढा धागा ठेवला होता.

"यातून उजेड येतो," तो म्हणाला होता. "आपल्या दुकानातून निघतो आणि गिऱ्हाइकाच्या मोडेमपर्यंत पोचतो. पण कॉम्प्युटरला उजेड कळत नाही, त्याला विजेचं बोलणं कळतं. मोडेम मध्ये बसून याचं त्याला सांगतो आणि त्याचं याला. उजेड आलाच नाही तर बिचारा लाल दिवा लावून बसतो. लोक मोडेमला हाणतात. त्याचा काही गुन्हा नसतो. धागा कुठे तुटला ते शोधायचं."

धागा कुठे तुटला ते शोधायचं मशीनही त्यानेच हातात दिलं. वायरच्या एका टोकाला ते जोडायचं. ते उजेडाचा ठिपका आत सोडतं. धागा तुटला असेल तिथून उजेड उलटा येतो, आणि त्याला किती वेळ लागला त्यावरून मशीन अंतर सांगतं, अगदी मीटरमध्ये. मग खांब मोजत जायचं आणि नेमक्या जागी शिडी लावायची. "तीस सेकंद धीर धर," हिरामण दर वेळी म्हणायचा. "तीस सेकंदांत आकडा येतो. त्याच्याआधी कुणावर आळ घ्यायचा नाही."

आळ घ्यायची घाई शेठच्या मुलाला, दीपेशला असायची. एकदा एका लाइनला उशीर झाला म्हणून त्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर हिरामणच्या कानाखाली वाजवली. हिरामणने कंबरेचा पट्टा सोडला, पक्कड टेबलावर ठेवली आणि पुलापलीकडच्या केबलवाल्याकडे जाऊन लागला. तेव्हापासून दोन्ही मालकांत जुंपली ती कायमची. आज यांची माणसं त्यांच्या वायरी कोयत्याने छाटायची, उद्या ते यांच्या. एकाची मोटारसायकल जाळली. मार्चमध्ये पलीकडच्या एका लाइनमनला चालत्या कामात शिडीवरून खेचलं, त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि दोन्हीकडून मिटवल्या गेल्या.

पण वर खांबावर जी माणसं चढत होती त्यांचा कारभार वेगळा होता. कुणी सांगितलेला नव्हता, कुठे लिहिलेला नव्हता. ज्या खांबावर जो चढलेला असेल त्याने दोघांच्याही वायरी बघायच्या. लोंबत असेल तर बांधायची, वायरी जोडायच्या डब्याचं झाकण उघडं असेल तर लावायचं, मग वायर कुणाचीही असो. मालकाला यातलं काही कळू द्यायचं नाही. कळलं असतं तर दोन्हीकडच्या लाइनमनना फितूर म्हणून झोडपलं असतं. धम्मदिना आणि हिरामण यांचे महिन्यातून चार-पाच फोन या कामासाठी व्हायचे. फोनवर तो तिला दिने म्हणायचा, ती त्याला हिरामणदादा.

तो शुक्रवार. सकाळी साडेनऊला तिला कळलं की मानकोली नाक्याच्या खांबावर तिची मोठी वायर खाली आली आहे, एखाद्या कंटेनरच्या टपाला अडकेल. ती शेलारात दुसऱ्या कामात अडकली होती. तिने हिरामणला फोन केला.

"दादा, नाक्यावर असशील तर माझी वायर वर घे ना."

"घेतो," तो म्हणाला. दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला. "बांधली गं. पट्टी पण नवीन मारली."

सव्वाअकराला मानकोलीची पूर्ण लाइन गेली. चाळीस गोदामांतले मोडेम एका वेळी लाल झाले. गोदामात इंटरनेट गेलं म्हणजे गेट पास निघत नाही, मालाची नोंद होत नाही, आणि भरलेले ट्रक रस्त्यावर एकामागे एक उभे राहतात. पाच मिनिटांत दुकानातले सगळे फोन वाजायला लागले. गोदामांचे मॅनेजर केसरीनाथ शेठच्या आईबहिणीचा उद्धार करत होते, आणि शेठ सत्तरीचा माणूस ते मान खाली घालून ऐकत होता. दीपेशला हे सहन झालं नाही. त्यात कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं की सकाळी हिरामण मानकोलीच्या खांबावर चढला होता, शेठच्या वायरीला हात लावताना बघितलाय.

धम्मदिना मशीन घेऊन दुकानामागच्या खोलीत जायला निघाली तेवढ्यात पांढरी गाडी दारात येऊन थांबली. तीन माणसांनी हिरामणला ओढत आणलं. एक चप्पल गाडीतच राहिली होती. नाकातून रक्त आधीच वाहत होतं. सगळ्या लाइनी जिथून निघतात ते कपाट मागच्याच खोलीत होतं, आणि हिरामणलाही तिथेच नेलं. खुर्चीवर बसवून त्याचे पाय वायरने बांधले. समोरच्या भिंतीवर दुकानाचं घड्याळ होतं.

"तू तुझं काम कर," दीपेश तिला म्हणाला. "कुठे कापलंय ते काढ."

ती कपाटाकडे तोंड करून बसली. मागे पहिला फटका पडला. जाड काळी वायर दुहेरी करून ते मारत होते. त्या वायरीत पोलादाची तार असते, ती मांसात उतरते. फटका आधी ऐकू यायचा, मग हिरामणचा श्वास. मानकोलीची वायर धम्मदिनाने कपाटातून काढली, स्पिरिटने पुसली, मशीनला लावली आणि बटण दाबलं.

"बोल, किसने भेजा?" दीपेश विचारत होता. "बोल ना साल्या. कापायला तुला कोणी चढवलं?"

"कापली नाय," हिरामण म्हणाला. "लोंबत होती. बांधली."

"आमची वायर तू कशाला बांधशील? तुझ्या बापाची हाय?"

हिरामणने फक्त तिचं नाव घ्यायचं होतं. दिनाने सांगितलं म्हणून बांधली, एवढे चार शब्द. ते चार शब्द येतील म्हणून धम्मदिनाची पाठ ताठ झाली होती, आणि ते येत नव्हते. फटके येत होते.

तीस सेकंदांनी मशीनवर आकडा आला. सहाशे अडतीस मीटर.

तिला खांब तोंडपाठ होते. हनुमानाच्या देवळाजवळचा डबा चारशे दहावर. पिंपळ पाचशे नव्वदवर. शेठच्या बंगल्याअलीकडचा खांब सहाशे वीसवर, पलीकडचा सहाशे ऐंशीवर. मानकोली नाक्याचा खांब पार नऊ हजारांवर. म्हणजे वायर मानकोलीला तुटलीच नव्हती. ती बंगल्यासमोर तुटली होती, आणि बंगल्यासमोर ती जमिनीत होती. तीन महिन्यांपूर्वी दीपेशनेच ती पुरून घेतली होती, घरापुढे काळ्या वायरी बऱ्या दिसत नाहीत म्हणून. पाइप टाका, वरून खुणेची पट्टी टाका, असं धम्मदिनाने सांगितलं होतं. तो हसला होता. आणि आज सकाळपासून त्याच जागेवर त्याच्या साखरपुड्याच्या मांडवासाठी जेसीबी खणत होता. जेसीबीही त्यानेच मागवला होता.

तिला हे सगळं एका क्षणात कळलं. उठायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. ती उठली नाही. तिला त्या कोयत्याची भीती वाटली, मोडलेल्या खुब्याची भीती वाटली, आणि सकाळचा फोन बाहेर येईल याची सगळ्यात जास्त वाटली. तिने मशीनचा पडदा आपल्या अंगाकडे वळवला आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सहाशे अडतीस. तिने वायर काढून परत पुसली. जी आधीच स्वच्छ होती ती तिने तीनदा पुसली.

"किती वेळ लागतो तुला?" दीपेश ओरडला.

"बघतेय," ती म्हणाली.

हिरामणने तेव्हा तिच्याकडे बघितलं का, हे तिला माहीत नाही. तिची पाठ होती. मग फटके थांबले आणि टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. दीपेशने हातोडी काढली होती. "बोटं राहिली तर हा परत चढेल," तो त्याच्या माणसांना म्हणाला. त्यांनी हिरामणचा उजवा हात टेबलावर दाबून धरला.

पहिल्या बोटाचा आवाज अगदी लहान होता. हिरामणची किंकाळी मात्र बाहेर काउंटरपर्यंत गेली, कारण शेठ धावत आत आला आणि दारातच थबकला. धम्मदिनाने डोळे मिटले होते. आता सांगू, असं ती मनात म्हणत होती, आणि तोंड उघडत नव्हतं. दुसरं बोट मोडलं तेव्हा हिरामणला किंचाळायलाही जमलं नाही, तो नुसता हुंदका देऊन वाकला आणि त्याला उलटी झाली. ती उलटी तिच्या पायांवर आली. तेव्हा ती उठली.

"शेठ, सहाशे अडतीस."

कुणालाच काही कळलं नाही.

"वायर सहाशे अडतीस मीटरवर तुटलीय. मानकोलीचा खांब नऊ हजारांवर आहे. हिरामणदादाने कापली नाही. आणि त्याला खांबावर मी चढवलं होतं. सकाळी मीच फोन केला, माझी वायर बांध म्हणून."

"सहाशे अडतीस म्हंजे कुठं?" शेठने विचारलं. पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याला कळलंय. त्याच्याच रस्त्याचे खांब होते.

"तुमच्या बंगल्यासमोर. जमिनीत."

दीपेशने तिला मारलं ते उघड्या हाताने, पण सगळा जोर लावून, कानावर. तिचं डोकं कपाटाच्या लोखंडी कडेवर आपटलं. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मानेवरून गरम काहीतरी उतरलं. त्याने पुन्हा हात उचलला, पण शेठ मध्ये आला. दया येऊन नव्हे, त्याला खात्री करायची होती. त्याने बायकोला, सीताबाईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"घरापुढं जेसीबी कुठं खणतोय?"

"हिरव्या गेटच्या बाजूला," सीताबाईचा आवाज आला. "मगाशीपासून दीपेशला फोन करते, तो उचलत न्हाय. मोठी काळी वायर निघाली हाय, दोन तुकडं झालेत. ड्रायव्हर इचारतोय, तिचं काय करू?"

दीपेशच्या हातात हातोडी होती, ती त्याने टेबलावर ठेवली आणि पँटला हात पुसले. शेठने मुलाकडे बघितलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे, आणि जे म्हणाला ते ऐकून धम्मदिनाला वाटलं की हातोडी परवडली.

"याला सरकारी दवाखान्यात टाका. खांबावरून पडला म्हणून सांगा. आन तू, आधी लाइन चालू कर. तो आकडा मशीनमधून पुसून टाक."

"हो शेठ," ती म्हणाली.

बंगल्यासमोरच्या खड्ड्यात बसून तिने चोवीस धागे जोडले. एकेक धागा सोलायचा, पुसायचा, सरळ कापायचा, जोडायच्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचा, मग बारीक ठिणगी पडते आणि काच काचेला चिकटते. कानातलं रक्त हनुवटीवरून खाली पडत होतं, म्हणून तिने डोकं एका बाजूला कलतं धरलं होतं. वर सीताबाई उभी होती. तिने पाण्याचा तांब्या खाली दिला आणि काही विचारलं नाही. अडीच वाजता मानकोलीचे मोडेम एकेक करत हिरवे झाले. गोदामांतून एकाचाही फोन आला नाही. लाइन चालू झाल्यावर कुणी फोन करत नाही.

मशीनमधला आकडा तिने पुसला नाही.

संध्याकाळी घरी दामूने तिचा कान बघितला. एका डोळ्याने त्याला जवळ जाऊन बघावं लागतं. कोणी मारलं, त्याने विचारलं. तिने सांगितलं. हिरामणचंही सांगितलं. दामूला हिरामण माहीत होता, तो दोनदा त्यांच्याकडे जेवून गेला होता. म्हातारा संतापाने कापायला लागला. मग त्याने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"आणि बाकीचे काय करत होते?"

धम्मदिनाने ताट सरकवलं आणि उठून हात धुतले. आई मीराबाई आतून म्हणाली, "जेवू द्या ना तिला." पण ती जेवली नाही.

सकाळी कळलं की दीपेशने आधीच तक्रार देऊन ठेवली आहे: हिरामण वायर कापायला चढला आणि पडला. त्याचा जबाब घ्यायला पोलीस दुपारी दवाखान्यात येणार होते. धम्मदिना भिवंडीत झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि मशीनमधली नोंद कागदावर काढून घेतली. वर लाइनचं नाव, खाली अंतर, त्याच्याखाली तारीख आणि वेळ. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. ती वेळेकडे बघत उभी राहिली. काउंटरवर कात्री होती. खालची पट्टी कापली तर राहिलेला कागदही हिरामणला पुरला असता, निदान तिने तसं स्वतःला सांगून बघितलं. मग तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दुकानवाल्याला कात्री सरकवून दिली.

हिरामण खाटेवर पडून होता. चेहरा सुजून काळानिळा झाला होता, उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये. शेजारी त्याची बायको तुळजा बसली होती. ती गावाहून सकाळच्या एसटीने आली होती. धम्मदिनाने कागद पुढे केला. त्याने तो डाव्या हातात घेतला. अंतर वाचलं, मान हलवली. मग त्याची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

"घड्याळ माझ्या समोरच होतं," तो म्हणाला. "पहिलं बोट गेलं तेव्हा बाराला पाच कमी होते."

"हो," ती म्हणाली.

"मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. तीस सेकंदांच्या वर कधी लागत नाय त्याला."

"मशीन चांगलं होतं, दादा."

त्याने डोळे मिटले. तुळजा दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "काय लिवलंय त्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"वायर मी कापली नाय, असं लिहिलंय," हिरामण डोळे न उघडता म्हणाला. "पोलिसांना दाखव."

तुळजाने कागद घेतला, छातीशी धरला, आणि दुसऱ्या हाताने धम्मदिनाचा हात घट्ट पकडला. तिला रडू आवरत नव्हतं. "ताई, तुमच्या रूपानं देव आला," ती म्हणाली. "सगळे गप बसले आन तुमी एकल्या बोललात. त्यांनी तुमाला मारलं तरी बोललात."

हिरामणने तोंड भिंतीकडे फिरवलं. आणखी एकदा तो तिचं नाव घेणार नव्हता. धम्मदिनाचा चांगला कान तुळजाच्या बाजूला होता, म्हणून तिला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

"वहिनी," ती म्हणाली, "खालची वेळ पण वाचा."

तुळजाने डोळे पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. "अकरा बेचाळीस," तिने वाचलं.

"आकडा मला तेव्हाच कळला होता. बोटं त्याच्यानंतर मोडली, दोन्ही. मी तिथेच बसले होते, सगळं ऐकत."

तुळजाने पुन्हा एकदा वाचलं, आता ओठ हलवत. तिची पकड थोडी सैल झाली. मग तिने हात काढून घेतला आणि कागदाची नीट घडी घालून ती नवऱ्याच्या उशीखाली ठेवली.